उपग्रहाची हजेरी आणि खांबावरचा कामगार

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात जनावरांच्या भावाखालोखाल ज्या विषयावर हमखास बोलणे होते तो विषय विजेचा असतो. श्रीगोंदे तालुक्याचा हा भाग घोड आणि भीमा यांच्या पट्ट्यातला. ऊस, लिंबू, कांदा ही येथील पिके, आणि ती सारी विहिरीवरच्या, कालव्यावरच्या वा नदीकाठच्या मोटारींवर उभी. महावितरणच्या कागदात ज्याला रोहित्र म्हणतात आणि गावात ज्याला सगळे डीपी म्हणतात, ते यंत्र ऐन पाळीत जळाले की उभे पीक सुकू लागते. अशा वेळी शेतकऱ्याच्या रागाचा पहिला धनी होतो तो गावचा वायरमन. 'तीन दिवस झाले, तो फिरकलासुद्धा नाही' हे वाक्य या पट्ट्यातल्या कुठल्याही पारावर ऐकावयास मिळेल.

ही तक्रार प्रत्येक वेळी खोटी नसते, हे कामगार चळवळीने प्रथम मान्य केले पाहिजे. वायरमन संघटित आहे आणि शेतकरी विस्कळित आहे, म्हणून पहिल्याची बाजू घ्यावी व दुसऱ्याची तक्रार कानाआड करावी, असा समाजवाद कुणी सांगितलेला नाही. शेतकऱ्याचे पाणी तुटणे हे श्रमिकाचेच नुकसान आहे. प्रश्न आहे तो या तक्रारीवर व्यवस्थापन जो उतारा शोधू पाहत आहे त्याचा.

हा उतारा म्हणजे उपग्रहाची हजेरी. कामगाराच्या हातात वा मनगटावर एक यंत्र द्यावयाचे आणि तो अमुक वेळी अमुक ठिकाणी होता की नाही हे कार्यालयातल्या पडद्यावर पाहावयाचे. ज्यांचे काम एका छपराखाली होत नाही, जे दारोदार, खांबोखांब, रुळांवरून वा गल्ल्यांतून फिरून काम करतात, त्यांच्यावर देखरेख कशी ठेवावी ही व्यवस्थापनाची जुनी अडचण होती. गिरणीत जॉबर होता, फाटकावर टाइमकीपर होता. फिरत्या कामगारामागे मात्र कोणी फिरू शकत नव्हते. ही अडचण आता दूर झाली आहे असे सांगितले जाते. नागपूर महानगरपालिकेने गेल्या दशकाच्या अखेरीस हजारो सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. महावितरणने २०१६ मध्ये मीटरवाचन व नव्या जोडण्यांची कामे मोबाइल अ‍ॅपवर नेली आणि मीटरच्या छायाचित्राबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जाऊ लागले. रेल्वेने रूळ तपासणाऱ्या कीमनला आणि पावसाळी गस्त घालणाऱ्यांना जीपीएस यंत्रे दिली. काष्टीचे स्थानक ज्या दौंड-मनमाड मार्गावर आहे, तसल्या मार्गांवर ऊनपावसात मैलोन् मैल चालणारी ही माणसे आहेत. अंगणवाडी सेविकेच्या हाती पोषण ट्रॅकर आला, रोजगार हमीच्या मजुराची हजेरी छायाचित्राने लागू लागली. खासगी कंपन्यांच्या दुरुस्ती कामगारांचे, मनोरे सांभाळणाऱ्यांचे आणि घरपोच माल देणाऱ्यांचे तर आता यावाचून पानच हलत नाही.

हे यंत्र नेमके काय सांगते, ते आधी नीट पाहिले पाहिजे. जीपीएस ही मुळात अमेरिकेच्या लष्कराने उभारलेली उपग्रहांची माळ. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकी सरकारने नागरी वापरावर मुद्दाम ठेवलेली अचूकतेची मर्यादा काढून टाकली आणि आज मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइलसुद्धा आपली जागा चारपाच मीटरच्या फरकाने ओळखतो. परंतु उपग्रह कोणावर नजर ठेवीत नाही. तो केवळ संदेश पाठवितो, त्यावरून जागेचे गणित खिशातले यंत्र करते आणि तो आकडा कार्यालयात जावयाचा तर मोबाइलची रेंज लागते. उसाच्या फडाच्या मधोमध, नदीच्या उताराला, जेथे रेंजच येत नाही, तेथे काम करणारा माणूस पडद्यावर त्या वेळेपुरता नाहीसा होतो. शिवाय जागा कळते ती यंत्राची, माणसाची नव्हे. माणूस खांबाखाली उभा आहे की खांबावर चढला आहे, तारेत वीज आहे की नाही, त्याच्या हाती रबरी मोजे आहेत की नाहीत, यांपैकी काहीही अक्षांश-रेखांशात उमटत नाही.

आता जळालेल्या डीपीचेच उदाहरण घ्यावे. तक्रार आली, वायरमन गेला, त्याने पाहिले, डीपी जळाली असल्याचे कळविले. ही पहिली भेट. डीपी उतरवावयाची तर वाहन लागते, चारसहा माणसे लागतात, आणि बदली डीपी तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणाहून यावी लागते. ती शिल्लक नाही, किंवा आहे पण तेल नाही, किंवा तेल आहे पण आपल्याआधी दुसऱ्या गावांचा क्रम आहे. दरम्यान शेतकरी फोन करतात म्हणून वायरमन पुन्हा जातो, समजूत घालतो, शिव्या खातो. ही दुसरी भेट, आणि असेच करता करता तिसरी. कार्यालयातल्या पडद्यावर तिन्ही भेटी हिरव्या खुणेने उमटतात. वायरमन निर्दोष ठरतो, कार्यालयाचे काम चोख ठरते, आणि शेतकऱ्याची मोटार बंदच राहते. भेट झाली की काम झाले, असा हिशेब ज्या यंत्राने मांडला त्या यंत्राला डीपी कुठे अडली हे विचारताच येत नाही. भांडारातील शिल्लक, ठेकेदाराच्या वाहनाचा फेरा, मंजुरीच्या कागदावरची सही, यांना कुठलेही घड्याळ बांधलेले नाही. सर्वांत खालच्या माणसाचे पाऊल मीटरपर्यंत मोजावयाचे आणि वरच्या टेबलावर कागद किती दिवस पडून राहिला हे मोजावयाचेच नाही, ही या पद्धतीची खरी खोड आहे.

श्रीगोंदे तालुक्यातील माणसाला याची आणखी एक गंमत ठाऊक आहे. गौण खनिजाची वाहतूक करणाऱ्या वाहनांनाही जीपीएस बंधनकारक करण्याचा नियम राज्य शासनाने केलेलाच आहे. नदीकाठच्या गावांत रात्री वाळूचे आवाज ऐकणाऱ्यांनी त्या नियमाचे काय झाले ते सांगावे. उपग्रह तोच, आकाश तेच. वायरमनचे पाऊल मात्र दिसते.

याहून गंभीर गोष्ट गावोगाव सर्वांना माहीत असूनही बोलली जात नाही, ती 'झिरो वायरमन'ची. नोकरीतल्या वायरमनकडे अनेक गावे असतात, शेकडो खांब व डझनावारी डीप्या असतात. रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, भरल्या तर कंत्राटदारामार्फत. मग गावातला एखादा हुशार, बेकार तरुण हाताशी धरला जातो. फ्यूज टाकणे, जंप जोडणे, तार ओढणे ही कामे तो करू लागतो. त्याला पगार नाही. शेतकरी शंभर-दोनशे देतात, कधी वायरमन देतो. महावितरणच्या कुठल्याही पटावर त्याचे नाव नाही. तो खांबावर असताना चुकून लाईन चालू झाली आणि तो गेला, तर त्याची विधवा कोणाच्या दारात जाणार? तो कामगारच नव्हता असे उत्तर तयार असते. आता या व्यवस्थेवर जीपीएस बसवून पाहावे. वायरमनचे यंत्र डीपीपाशी आहे, खूण हिरवी आहे, आणि खांबावर भलताच माणूस चढलेला आहे. किंबहुना यंत्राने भेटींची संख्या मोजावयास सुरुवात केली की वायरमनला एकाच दिवशी अधिक ठिकाणी दिसावे लागेल आणि प्रत्यक्ष चढण्याचे काम अधिकाधिक झिरो वायरमनवर पडेल. जी देखरेख मृत्यूची जागा ओळखते पण मरणाऱ्याला ओळखत नाही, तिला सुरक्षिततेचे साधन म्हणणे धाडसाचे आहे.

तथापि यंत्र म्हणजे शत्रू, अशी सोपी भूमिका घेण्यातही अर्थ नाही. कामगाराच्या हालचाली मोजण्याचा वाद जुना आहे. अमेरिकेत वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात १९११ साली टेलरच्या पद्धतीप्रमाणे घड्याळ लावून काम मोजावयास सुरुवात होताच साचेकाम करणाऱ्या कामगारांनी काम बंद केले, संसदेने चौकशी केली आणि पुढे सरकारी शस्त्रागारांत अशा मोजणीवर पैसा खर्च करण्यासच बंदी घातली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२८ मध्ये सहा महिने संप केला, त्यामागेही एका माणसाने अधिक माग सांभाळण्याच्या 'कार्यक्षमते'च्या योजना होत्या. या लढ्यांमागचा रोष होता तो मोजमाप कोण ठरविणार, त्याचा अर्थ कोण लावणार आणि त्यातून येणारी बचत कोणाच्या खिशात जाणार, यावर.

रेल्वेच्या पावसाळी गस्तीची जुनी रीत या संदर्भात आठवण्यासारखी आहे. कंदील घेऊन रात्री रूळ तपासणाऱ्या गस्तवाल्याजवळ एक वही असे. आपल्या हद्दीच्या टोकाला तो पोहोचला की पलीकडच्या हद्दीचा गस्तवाला तेथे भेटे, दोघे वह्यांची अदलाबदल करीत, आणि स्थानकावर मास्तर वेळ टाकून सही करी. गस्त झाली याचा पुरावा त्यातही होता, आणि तो बऱ्यापैकी पक्का होता. पण तो पुरावा एका कामगाराने दुसऱ्या कामगाराला दिलेला होता. वही त्याच्या हातात होती, तीत काय लिहिले आहे हे त्याला दिसत होते, आणि ठरल्या वेळी दुसरा आला नाही तर काहीतरी विपरीत घडले आहे हे पहिल्याला कळत होते. नव्या यंत्रात संकटकाळी दाबावयाचे बटण असते, ही चांगली सोय आहे आणि तिचे स्वागत करावे. जंगलात, घाटात एकट्याने फिरणाऱ्या माणसाचा ठावठिकाणा कोणाला तरी माहीत असणे हे त्याच्याच हिताचे आहे. मात्र वही गेली आणि तिच्याबरोबर नोंदीवरचा कामगाराचा हक्कही गेला, ही भरपाई कोणी केलेली नाही.

या हक्काचे महत्त्व नगर जिल्ह्याला तरी समजावून सांगण्याची गरज नसावी. १९७२ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात लाखो हात खडी फोडत होते आणि मस्टर हा शब्द घराघरांत पोहोचला होता. त्या दुष्काळातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली निघाला. मस्टरवरची खोटी नावे, आणि खऱ्या नावांपुढचे खोटे आकडे, हा तेव्हापासूनचा झगडा. माहितीच्या अधिकाराची चळवळ पुढे राजस्थानात आणि शेजारच्या पारनेर तालुक्यात उभी राहिली तिचे मर्मच हे होते की हजेरीपट चव्हाट्यावर वाचला जावा. म्हणजे हजेरी खरी असावी हा आग्रह मूळचा मजुरांचा आहे. त्यांनी त्यासाठी पट उघडा करावयास सांगितले. शासनाने तो कॅमेऱ्यात बंद केला. केंद्राने मे २०२१ मध्ये ग्रामीण रोजगार हमीच्या हजेरीसाठी मोबाइल प्रणाली आणली आणि जानेवारी २०२३ पासून ती सर्व कामांना सक्तीची केली. दिवसातून दोनदा जागेच्या नोंदीसह छायाचित्र. काम मापावर असल्यामुळे ज्या बाया सकाळी लवकर येऊन दहा-अकरापर्यंत आपले काम उरकीत, त्यांना दुसऱ्या छायाचित्रासाठी उन्हात थांबावे वा परत यावे लागे. रेंज नसली तर केलेल्या दिवसाची मजुरी बुडे. आणि भ्रष्टाचार? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना पत्र पाठवून कळविले की भलतीच छायाचित्रे चढविली जात आहेत, छायाचित्राचे छायाचित्र काढले जात आहे, माणसांची संख्या व नोंद जुळत नाही. उपाय म्हणून छायाचित्रे माणसांकडून तपासून घेण्याचे फर्मान निघाले! त्या योजनेचा कायदाच डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने बदलला. नव्या कायद्यातही जीपीएसच्या देखरेखीवरचा भर कायम आहे. चोरी करणाऱ्याला यंत्र चुकविता येते, कारण त्याला वेळ व साधने असतात. चुकविता येत नाही ते घाम गाळणाऱ्या बाईला.

कायदा या बाबतीत कामगाराच्या किती उपयोगी आहे? सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला, याचा गाजावाजा पुष्कळ झाला. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या सातव्या कलमात, नोकरीच्या कारणासाठी मालक नोकराची माहिती संमतीवाचून वापरू शकेल अशी मोकळीक ठेवली आहे. ग्राहक म्हणून ज्या माणसाची संमती घ्यावयाची, तोच कामगार म्हणून कामावर गेला की संमतीचे कारण उरत नाही. यास्तव या कायद्याच्या भरवशावर संघटनांनी राहू नये. त्याहून कामाचे हत्यार जुन्या कामगार कायद्यात आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या ९-अ कलमानुसार सेवाशर्तीत काही ठराविक बदल करावयाचे तर मालकाने एकवीस दिवसांची सूचना देणे बंधनकारक होते, आणि त्या बदलांच्या यादीत शिस्तीचे नवे नियम आणणे याचा स्पष्ट उल्लेख होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कामगारांचे बरेच काही हिरावले गेले आहे. परंतु बदलाच्या सूचनेची ही तरतूद तीत राहिलेली आहे. जीपीएसच्या नोंदीवरून पगार कापावयाचा वा कारवाई करावयाची असेल, तर तो शिस्तीचा नवा नियमच होय. तो एखाद्या परिपत्रकाने, किंवा त्याहून वाईट म्हणजे 'हे अ‍ॅप आजपासून डाउनलोड करावे' अशा निरोपाने, लागू होऊ देता कामा नये.

इतर देशांतील कामगारांनी येथवर येऊन थांबणे पसंत केलेले नाही. जर्मनीत १९७२ च्या कायद्याने कामगारांच्या वर्तनावर वा कामावर लक्ष ठेवणारे कोणतेही तांत्रिक साधन बसविण्यापूर्वी कामगार मंडळाशी करार करणे मालकावर बंधनकारक केले आहे. त्या वेळी जीपीएस नव्हते, पण कायद्याची शब्दयोजना अशी की आजचे यंत्रही त्यात सापडते. अमेरिकेतील टीमस्टर्स संघटनेने एका मोठ्या पार्सल कंपनीशी केलेल्या करारात केवळ जीपीएसच्या नोंदीवरून कोणालाही कामावरून काढता येणार नाही असे कलम घालून घेतले. कामगाराने जाणूनबुजून अप्रामाणिकपणा केला असेल तर अपवाद. हा अपवाद मान्य करण्यात त्या संघटनेने दाखविलेला समंजसपणा येथील संघटनांनीही दाखवावा. न गेलेल्या भेटीची खोटी नोंद करणाऱ्याचा बचाव करणे हे संघटनेचे काम नाही.

वीज कामगारांच्या संघटनांनी जानेवारी २०२३ मध्ये समांतर परवान्याच्या विरोधात संप पुकारला तेव्हा शासनाला एका दिवसात चर्चेला बसावे लागले. ही ताकद केवळ खासगीकरणाच्या प्रश्नावरच वापरावी असे नाही. जागेच्या नोंदीचे यंत्र आणावयाचे असेल तर ते कंपनीने द्यावे, कामगाराच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये शिरू नये. पाळी संपली की ते बंद व्हावे. त्यातील नोंद त्या कामगाराला दररोज पाहता यावी आणि चूक असल्यास खोडता यावी. रेंज नसणे हा गुन्हा ठरू नये. त्याच नोंदीत लाईन बंद केल्याचा परवाना कोणी, किती वाजता दिला व परत घेतला हेही असावे. अपघातानंतर दोष नेहमी खांबावरच्याच्या पदरात पडतो, तो उपकेंद्रातून लाईन कोणी चालू केली हे कागदावर आल्याखेरीज थांबणार नाही. आणि कंत्राटी कामगाराची नोंद ठेवावयाची तर ती त्याची सलग सेवा सिद्ध करण्यासाठीही त्याला मिळाली पाहिजे. वर्षानुवर्षे त्याच खांबांवर चढणाऱ्याला 'तू आमचा नव्हेसच' असे सांगणाऱ्या कंपनीविरुद्ध उपग्रहाहून चांगला साक्षीदार कोणता?

राहिला शेतकरी. त्याला वायरमनच्या खिशातले यंत्र पाहावयाचे नाही, त्याला डीपी केव्हा येणार हे कळावयास हवे. तक्रार कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी नोंदली, वायरमन केव्हा येऊन गेला, डीपीची मागणी वर केव्हा गेली, भांडारातून ती केव्हा निघाली आणि प्रत्यक्ष वीज केव्हा सुरू झाली, असा पाच रकान्यांचा तक्ता महावितरणच्या प्रत्येक कक्ष कार्यालयाबाहेर लावता येईल. वीज नियामक आयोगाने दुरुस्तीच्या मुदती व त्या मोडल्यास ग्राहकाला द्यावयाची भरपाई ठरवून दिलेली आहे. ती मागणारा शेतकरी क्वचितच आढळतो, कारण विलंब कोठे झाला याचा कागद त्याच्या हाती नसतो. हा तक्ता लागला तर पाचपैकी एकच रकाना वायरमनचा आहे आणि बाकीचे कोणाचे आहेत, हे शेतकऱ्याला व वायरमनला एकाच वेळी दिसेल. काष्टी आणि परिसरातील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत या मागणीचा ठराव मांडावा. त्याच ठरावात, गावात खांबावर चढणाऱ्या प्रत्येक माणसाचे नाव महावितरणने लेखी कळवावे, अशीही मागणी असावी. ठराव मांडताना वायरमनला व त्याच्यासोबत फिरणाऱ्या त्या बेनाव तरुणालाही सभेला बोलवावे.